शंभर नोंदींपर्यंत फक्त

…नाही, पण मला सांगा, किंमत विचारली तर किंमत सांगावी ना माणसानं? माझं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक फ्रेम उचलतं, ‘केवढ्याला?’ म्हणतं, मी आकडा सांगतो, ते तोंड वाकडं करतं, मी थोडा खाली येतो, ते थोडं वर येतं, संपला विषय! आणि हे लोक? फिगर स्केटिंगच्या स्पर्धांची ऑनलाइन नोंदणी करायचं सॉफ्टवेअर विकतात. वेबसाइट केवढी देखणी! निळा बर्फ, त्यावर गिरकी घेणारी पोरगी, फ्रॉकवर चमचम, आणि वर कोपऱ्यात लिहिलेलं ‘किंमत’. मी आपला उत्साहानं तिथे बोट टेकवलं, तर आत काय? ‘आमच्याशी बोला.’ अरे, बोलायचंच असतं तर बायकोशी बोललो असतो, किंमत बघायला आलोय मी! तुम्हाला सांगतो, जिथे किंमत लिहिलेली नसते ना, तिथे ती गिऱ्हाइकाचं तोंड बघून ठरते. आणि माझं तोंड तर तुम्ही बघताच आहात.

आता तुम्ही म्हणाल, चष्मेवाल्याचा आणि बर्फाचा काय संबंध? तर माझी मुलगी फिगर स्केटिंग करते. नऊ वर्षांची आहे, घरीदारी सगळे तिला भिंगरी म्हणतात, कारण ती सरळ उभीच राहत नाही, दात घासतानासुद्धा गिरकी घेते, आरशावर पेस्टचे शिंतोडे! आणि पोरगी बर्फावर गेली की बाप कमिटीत जातो, हे ठरलेलंच. मी एका सभेला गेलो नाही, दुकानात गर्दी होती, संध्याकाळी फोन, ‘अभिनंदन, तुम्ही क्लबचे सचिव झालात.’ जे येत नाहीत त्यांनाच निवडतात हो! आलेले सगळे ‘मला नको, मला नको’ म्हणायला हजर असतात ना.

तर या भिंगरीचं दुखणं ऐका. आमच्या वार्षिक स्पर्धेत ती सलग तीन वर्षं चौथी आली. चौथी! पदकं किती? तीन. चौथ्याला काय? टाळ्या, आणि ‘छान केलंस हं बाळा’. पहिल्या वर्षी रडली, दुसऱ्या वर्षी रडली नाही, तिसऱ्या वर्षी गाडीत गप्प बसली आणि घर आल्यावर म्हणाली, “बाबा, चौथ्याचं पण पदक असतं का रे कुठे?” मी म्हटलं बघतो. काय बघणार, कपाळ! दुसऱ्या वर्षानंतरच तिनं दीड गिरकीची उडी धरली होती. तोंड पुढे करून उडायचं, हवेत दीड फेरा, आणि उतरायचं पाठमोरं, एका पायावर, तेही हसत. दोन वर्षं पडली. गुडघे, कोपरं, हनुवटी, आमच्या हिनं मलमाची नळी पर्समध्येच ठेवायला सुरुवात केली. आणि यंदा बसली उडी! दहा वर्षांखालच्या मुलींत ती उडी दुसऱ्या कुणाकडे नाही. पण दहाखालच्या गटात तिचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी वरचा गट, तिथल्या पोरी माझ्या खांद्याला लागतात, दोन-दोन फेरे मारतात. म्हणजे पदक यंदा, नाहीतर विसरा. हे तिलाही ठाऊक, मलाही ठाऊक.

बरं, आमची नोंदणी आधी कशी चालायची? एक लांबडी वही. अर्ज स्केटच्या बुटांच्या रिकाम्या खोक्यात. कोण आधी, कोण नंतर हे ठरवायला चिठ्ठ्या, त्या कोचबाईंच्या लोकरी टोपीत टाकायच्या, सगळ्यांत लहान पोरानं उचलायच्या. बावीस वर्षं! खर्च काय, तर एक वही आणि टोपी धुवायचा साबण. आणि एक रीत होती आमची, अगदी पक्की: वही ज्याच्या हातात, त्याच्या घरचं नाव सगळ्यांत शेवटी. कारण फार पूर्वी एका सचिवानं आपल्या दोन पुतण्यांची नावं पहिल्या पानावर चढवली, सरावाच्या चांगल्या वेळा त्यांनाच दिल्या, आणि दुसऱ्या एका घराशी असं भांडण पेटलं की ती दोन घराणी आजही रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, दोन टोकांना बसतात. तेव्हापासून सचिवाचं पोर शेवटी. मी तर ते मोठ्या अभिमानानं पाळायचो. कुणी बोट दाखवायला नको.

तर यंदा वरच्या संघटनेचं पत्र आलं. हातानं लिहिलेले निकाल चालणार नाहीत, नोंदणीपासून गुणांपर्यंत सगळं सॉफ्टवेअरमधूनच झालं पाहिजे. झालं! मी ‘आमच्याशी बोला’वर बोट टेकवलं.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर एक हसरा तरुण. त्याचं नाव मी विसरलो, आमच्या घरी त्याला ‘फक्त’च म्हणतात. का म्हणतात, ऐका. “सर, तुमच्यासारख्या छोट्या क्लबसाठी आमचं मधलं पॅकेज बघा. शंभर नोंदींपर्यंत फक्त एवढे!” मी आकडा ऐकला. आमच्याकडे सगळ्याची किंमत बर्फात मोजतात, कारण रिंक तासावर भाड्यानं मिळते, आणि क्लबचा सगळा पैसा त्यातच जातो. तर हा आकडा म्हणजे दोन तासांचा बर्फ. मी म्हटलं, ठीक, सोसू. म्हणाला, “आणि सर, गाणी साठवायला फक्त थोडे वेगळे.” गाणी साठवायला? ती काय लोणचं आहे? “आणि कोण कधी उतरणार तो क्रम काढायला फक्त—” मी म्हटलं थांबा, क्रम आम्ही टोपीतून काढतो. तो इतका हसला, इतका हसला, की मला आमच्या टोपीची लाज वाटली. फक्त! तुम्हाला सांगतो, ‘फक्त’ हा शब्द कानावर पडला की आधी खिशावर हात ठेवायचा.

मी विचारलं, “बहीणभाऊ जोडीनं स्केट करतात आमच्यात एक, त्यांची नोंद एक ना?” “दोन, सर.” “अहो, जोडी आहे ती! एकच गाणं, एकच वेळ, गुणही एकच!” “माणसं दोन ना, सर?” एवढं गणित त्याचं पक्कं. मग मी विचारलं, “आणि एकशे एक झाल्या तर?” तर त्याचा चेहरा असा उजळला, जसं त्याच्याच घरी पाळणा हलला! “मग तुमची प्रगती झाली, सर! मग तुम्ही मोठ्या पॅकेजमध्ये जाता. अमर्याद नोंदी! फक्त एवढे!” एवढे म्हणजे? नऊ तासांचा बर्फ. आणि करार तीन हंगामांचा. अहो, आमची आख्खी स्पर्धा आठ तासांची! नाकापेक्षा मोती जड! मी म्हटलं, “म्हणजे एका जास्तीच्या पोरासाठी सात तासांचा बर्फ?” “एका पोरासाठी नाही सर, अमर्याद पोरांसाठी.” अमर्याद पोरं आणू कुठून? आख्ख्या शहरात बर्फावर उभी राहू शकणारी पोरं शंभराच्या आतबाहेर, त्यातली दहा कायम सर्दीनं घरी!

कमिटीची सभा. आमच्या कोषाध्यक्षबाई दातांच्या डॉक्टर आहेत, कुठलाही खर्च मंजूर करताना त्यांचा चेहरा असा असतो की आपणच तोंड उघडून बसलोय असं वाटतं. त्या शांतपणे म्हणाल्या, “मधलं घ्या. दरवर्षी नव्वद-पंचाण्णव होतात. शंभराच्या पुढे एकही नको.” आणि अध्यक्ष, ते निवृत्त. जन्मभर स्टेशनवर घोषणा केल्या त्यांनी, आवाज असा की कपातला चहा थरथरतो. ते म्हणाले, “ठराव… मंजूर… करण्यात… येत आहे.” मी सही केली. बारीक अक्षरात खाली चार पानं होती. आता हसा माझ्यावर! माणसांना बारीक अक्षर वाचता यावं म्हणून मी चष्मे विकतो, आणि मी ती चार पानं वाचली नाहीत.

नोंदणी सुरू झाली. ऑनलाइन, म्हणजे लोकांनी आपापल्या घरी बसून करायची, बरोबर? मग माझा फोन का वाजत होता सकाळपासून? एका पोराचे आजोबा, “अहो सचिव, ते ‘मी यंत्रमानव नाही’ असं लिहून आलंय, मी काय करू?” मी म्हटलं, खूण करा. “पण मी कुठे म्हटलं मी यंत्रमानव आहे?” “आजोबा, नुसती खूण करा.” “केली. आता म्हणतंय, यातल्या होड्या ओळखा. बर्फाच्या स्पर्धेत होड्या कशाला? बर्फ वितळला का?” शेवटी म्हणाले, “तुम्हीच करा बाबा, माहिती सांगतो.” झालं, एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि मी एका हातानं गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवतोय आणि दुसऱ्या हातानं कुणाच्या तरी नातवाची जन्मतारीख. साठ-पासष्ट नोंदी मी केल्या हो! म्हणजे काम माझंच, वही गेली, आणि वहीच्या जागी दोन तासांचा बर्फ गेला. फक्त!

शेवटचा दिवस. मी दुकानात टेबलाशी कागद मांडून बसलोय, मोजतोय. आणि काय नशीब! दुसऱ्यांची पोरं बरोबर नव्याण्णव. आणि रीतीप्रमाणे शेवटी आमची भिंगरी, ती शंभर! मला इतका आनंद झाला, म्हटलं, बघा, देव नीतीनं वागणाऱ्याच्या पाठीशी असतो. पोरीचं नाव घातलं, जन्मतारीख, गट दहाखालील मुली, गाणं, सगळं, आणि दाबलं. तर आख्खा पडदा लाल! आणि त्यावर मोठ्या अक्षरात, ‘अभिनंदन!’

‘अभिनंदन! आपण शंभर नोंदींची मर्यादा गाठली आहे. मोठ्या पॅकेजमध्ये आपलं स्वागत!’ आणि वरून कागदाचे रंगीत तुकडे पडतायत. लाज नाही यांना! दार तोंडावर आपटायचं आणि वर फुलं उधळायची!

मी परत मोजलं. नव्याण्णव. परत मोजलं. नव्याण्णव. मग पडद्यावरची यादी एक-एक ओळ खाली घेत गेलो, घेत गेलो, आणि अगदी तळाशी, नोंद क्रमांक एक. नाव: चाचणी. आडनाव: चाचणी.

आणि मला आठवलं! पहिल्या दिवशी तो ‘फक्त’ मला म्हणाला होता ना, “सर, एक खोटी नोंद करून बघा, हात बसेल.” मी करून बघितली! दोन रकाने रिकामे सोडता येत नव्हते, म्हणून दोन्हीकडे ‘चाचणी’ लिहिलं. जन्मतारीख मागितली, कुणाची आठवणार ऐन वेळी? स्वतःची टाकली. पुरुष की स्त्री, पुरुष. पुढचा गट सॉफ्टवेअरनंच ठरवला: प्रौढ नवशिके, पुरुष. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

लावला फोन. “फक्त— म्हणजे, अहो साहेब, ती चाचणीची नोंद पुसून टाका.” “पुसतो ना, सर! पण मोजली गेली ती. नोंद केली की मोजली जाते, पुसली तरी.” “अहो तुम्हीच करायला लावलीत!” “सरावाला वेगळी जागा असते, सर. ती मोठ्या पॅकेजमध्ये येते.” “मग निदान नाव तरी बदलून द्या! चाचणीच्या जागी माझ्या मुलीचं नाव!” “नाव बदलता येतं की, सर!” मी म्हटलं, देवा, सुटलो. “मोठ्या पॅकेजमध्ये.” आणि हे सगळं हसत! हसत! मला त्याचा राग नाही आला, खरं सांगतो, मला किळस आली. ताटातल्या केसाची येते ना, तशी.

मग काय काय नाही केलं मी? म्हटलं, कुणाचं नाव मागे घ्यायला लावू, एकाला ताप आहे असं कळलंय. तर मागे घेतलेली नोंद पण मोजलेलीच! म्हटलं, मोठ्या पॅकेजचे पैसे मी खिशातून भरतो. आमच्या हिला विचारलं, ती लगेच म्हणाली, “भरा.” एक सेकंद थांबली नाही हो. पण करार तीन हंगामांचा, म्हणजे सत्तावीस तासांचा बर्फ, दुकान गहाण टाकायची वेळ! आणि क्लबकडे मागू? कोषाध्यक्षबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, “सचिव, एवढ्या पैशांसाठी छोट्यांचा रविवारचा वर्ग सात आठवडे बंद ठेवावा लागेल, आणि हे नुसतं यंदाचं. ठेवू?” आता त्या वर्गात एकवीस पोरं, अजून कठडा धरून चालणारी. मी म्हटलं, नको. दुसरं काय म्हणणार होतो? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

घरी भिंगरीला सांगितलं. मला वाटलं रडेल. रडली नाही. म्हणाली, “चाचणी कोण आहे?” मी म्हटलं, “कुणी नाही गं. खोटंच नाव आहे.” “मग तिला कशी जागा मिळाली?” आमची ही भांडी आवरत होती, ती पाठमोरीच म्हणाली, “तिचं नाव बाबांनी सगळ्यांच्या आधी लिहिलं.” बास. एवढंच बोलली.

आता कोचबाई. पासष्टीच्या आहेत, दोन्ही गुडघे गेलेले, पण बर्फावर पाऊल टाकलं की वीस वर्षांच्या होतात. त्यांनी स्पर्धेच्या वेळापत्रकाचा कागद माझ्या दुकानात आणून आपटला. “हे बघा. बारा वाजून चाळीस मिनिटं. प्रौढ नवशिके, पुरुष. स्पर्धक एक, चाचणी. बर्फाचं भाडं भरलंय, परीक्षक बसलेले आहेत, आणि उतरणारा माणूस जन्मालाच आलेला नाही. पोरीला सोडू त्या वेळात!” मी म्हटलं, “अहो बाई, प्रौढ पुरुष!” “मग तुम्ही उतरता का? जन्मतारीख तुमचीच आहे.” मी बर्फावर? मला ओल्या फरशीवर भीती वाटते! भिंगरीला विचारलं. तिनं एकच विचारलं, “परीक्षक बघतील ना?” बघतील म्हटलं. “मग चालेल,” म्हणाली.

स्पर्धेचा दिवस. सकाळी दहाखालच्या मुली झाल्या. भिंगरी कठड्याशी उभी राहून प्रत्येकीला टाळ्या वाजवत होती, हात लाल होईपर्यंत. मला तिकडे बघवेना, मी उगाच खुर्च्या सरळ करत हिंडत होतो. मग ते बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र फिरून गेलं, आणि वाजले बारा चाळीस.

अध्यक्षांना मी बजावून ठेवलं होतं की नाव घेऊ नका, नुसतं ‘पुढील स्पर्धक’ म्हणा. पण जन्मभर कागदावरचं वाचलेला माणूस तो! समोर लिहिलेलं न वाचणं त्यांना जमतच नाही. कर्णा खरखरला, आणि त्या स्टेशनच्या आवाजात, “प्रौढ… नवशिके… पुरुष गट. श्रीयुत… चाचणी… चाचणी… बर्फावर… येत आहेत.” आणि आली कोण, तर निळ्या फ्रॉकमधली, दोन वेण्यांची, पुढचा एक दात पडलेली आमची भिंगरी! आख्खी रिंक हसली. अहो, पाचशे माणसं! त्यांचा काय दोष, मीही हसलो असतो, दुसऱ्याची पोर असती तर.

तीन परीक्षकांपैकी मधल्या बाईंनी यादीकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, परत यादीकडे बघितलं आणि चष्मा काढून पुसायला लागल्या. माझ्याच दुकानातला चष्मा! नंबर बरोबर आहे, मी स्वतः तपासलाय! मग त्यांनी कोचबाईंना हळूच विचारलं, “प्रौढ?” कोचबाई म्हणाल्या, “अनुभवानं.”

आणि संगीत. आता संगीतही ते सॉफ्टवेअरच वाजवतं, त्याच्यात जे भरलंय तेच. मी हे पार विसरलो होतो की चाचणीच्या नोंदीत गाण्याचा रकानापण भरावा लागला होता, आणि दुकानाच्या संगणकावर मला काय सापडणार? कर्ण्यातून माझ्या मेव्हण्याचा आवाज! “डोळे दुखतात? डोकं दुखतं? चिंता नको!” आमच्या दुकानाची जाहिरात! खाली पेटी वाजतेय! मला वाटलं आता बर्फ फाटावा आणि त्यानं मला पोटात घ्यावं. लोक खुर्च्यांवर लोळायचे बाकी होते. आणि भिंगरीनं एक क्षण माझ्याकडे बघितलं... मग हात वर केले आणि सुरू झाली. जाहिरातीवर! ‘दोन चष्म्यांवर एक डबी मोफत’ला तिनं गिरकी घेतली, तीही तालात!

चाळीस सेकंदांत जाहिरात संपली. तिचा कार्यक्रम सव्वादोन मिनिटांचा. पुढे काहीच नाही. संगीत नाही, काही नाही. मला वाटलं थांबेल. थांबली नाही हो. गाणं तिला पाठ होतं, ते मनात म्हणत होती, ओठ हलताना दिसत होते. हळूहळू हसणं थांबलं. मग कुजबुज थांबली. रिंकमध्ये फक्त तिच्या पात्यांचा बर्फावरचा आवाज, खर्र… खर्र… मग तिनं लांब वळण घेतलं, मी आमच्या हिचा हात धरला, हिनं माझा मुरगळला, आणि पोरगी उडाली. एक फेरा, अर्धा फेरा, पाठमोरी, एका पायावर, हसत! पडलेल्या दाताची खिडकी उघडी! अहो, टाळ्या! ती दोन टोकांना बसणारी दोन घराणी दोन्हीकडून उभी राहिली. कोषाध्यक्षबाई रडल्या! दातांच्या डॉक्टर! मी काय केलं ते सांगत नाही.

आणि मग गुण. प्रौढ नवशिक्यांना, दुखापत होऊ नये म्हणून, दीड गिरकीची उडी चालत नाही म्हणे. त्या खान्यात आकडा घालायची सोयच नाही. मधल्या परीक्षकबाई त्या पडद्यावर बोट आपटत होत्या, आपटत होत्या, तो घेईचना. शून्य! ज्या उडीसाठी पोर दोन वर्षं आपटली, त्या उडीला शून्य! कोचबाईंनी वेळापत्रकाच्या पाठीवर पेन्सिलीनं खरे गुण मांडले, सकाळच्या गटात ती उतरली असती तर किती, आणि तो कागद माझ्या हातात दिला. मी बघितला. घडी करून वरच्या खिशात घातला. भिंगरीला दाखवला नाही, आणि तुम्हालाही सांगत नाही कितवी आली असती ती.

पदकं वाटली. सॉफ्टवेअरनं निकाल आपोआप काढला, प्रौढ नवशिके पुरुष, सुवर्ण, श्रीयुत चाचणी. चौथरा तीन पायऱ्यांचा. ती मधल्या, सगळ्यांत उंच पायरीवर चढली, डावीकडे कुणी नाही, उजवीकडे कुणी नाही. अध्यक्षांनी वाकून तिच्या गळ्यात पदक घातलं आणि ‘श्रीयुत’ म्हणून हात मिळवला. प्रमाणपत्रावर नाव दुरुस्त करून देतात, त्याचे वेगळे. फक्त!

नंतर कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसली, पाय पुढे केले. मी खाली बसून तिच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागलो, ओल्या झाल्या की सुटत नाहीत मेल्या, नखं दुखतात. ती पदक उलटंसुलटं करून बघत होती. म्हणाली, “बाबा, म्हणजे मी पहिली आले?” मी म्हटलं, “हो गं बाई, पहिली.” “किती जणांत?”

आता काय सांगू? खोटं बोलायची माझी ताकद संपली होती त्या दिवसापुरती. म्हटलं, “…एकात.”

तिनं जरा हिशोब केला. आणि अगदी सहज, काही राग नाही, लोभ नाही, म्हणाली, “मग शेवटची पण मीच ना?”

मी मान खाली घातली आणि दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला घेतली. तेवढं एक अजून फुकट आहे.